हवेत असेपर्यंत

मेरियलच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते फेब्रुवारीत आलं. एप्रिल लागला तरी स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या मागे खोचलेलं होतं. वेळ बघायला गेलो की पाकिटाचा कोपरा दिसायचा.

पत्र छोटंसं होतं. ‘लेनर्डकाका, बाबांची उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणंही गेलं. राहिलेत फक्त नाचाचे शब्द. चहा हवा असला की लीप म्हणतात, खिडकी लावायची असली की हॉप. डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्याचा भरवसा नाही. या मे महिन्यात, व्हिटसन सणाच्या सोमवारी चौकात, त्यांच्यासमोर, त्यांचा नाच मी नाचावा असं मनात आहे. मंडळी हो-ना करत तयार झालीत. पण वाजवायला तुम्ही हवेत. दुसऱ्या कुणाला तो वाजवता येत नाही. येतो म्हणून दोन ओळी टाका.’

त्या दोन ओळी माझ्याच्याने लिहवेनात.

मेरियलचा बाप एनॉक टिम्स हा आमच्या विथीकोट गावच्या नाचमंडळीचा म्होरक्या. व्यवसायाने गवंडी, अंगाने थोराड, पण पायात घुंगरांचे पट्टे बांधले की त्याचं वजन कुठे जायचं कळत नसे. नव्या पोरांना शिकवताना तो नुसते शब्द ओरडायचा. हॉप म्हणजे एका पायावरची लंगडी, स्किप म्हणजे तिच्यात मिसळलेलं पाऊल, स्प्रिंग म्हणजे जागच्या जागी उसळी, लीप म्हणजे लांब झेप. सगळ्यांत शेवटी केपर, दोन्ही हातांतले पांढरे रुमाल वर फेकत सरळ आभाळात घेतलेली उडी. मी ग्रंथालयात नोकरीला होतो. या शब्दांची मुळं कोशांत शोधायचा मला नाद होता. केपरचं मूळ बकरीच्या उड्यांत आहे असं मी एकदा त्याला मोठ्या हौसेने सांगितलं.

“असेल,” तो म्हणाला. “पण तुझ्या शब्दाला घुंगरं बांधता येतात का, ते सांग.”

त्याचा एकट्याचा नाच अर्ध्यावर आला की चाल संथ व्हायची आणि केपर सुरू व्हायचे. तिथे ताल मोजून भागत नाही. नाचणारा हवेत असेपर्यंत वाजवणाऱ्याने सूर धरून ठेवायचा आणि पाय टेकले की पुढचा सूर घ्यायचा. मी माझ्या कॉन्सर्टिनाचा, त्या छोट्या हातपेटीचा, भाता ताणून एनॉकच्या बुटांकडे बघत राहायचो. वय वाढलं तशी त्याची उडी ठेंगणी होत गेली आणि मीही सूर आखडता घेत गेलो. गावाला ते कळलं नाही. आम्हा दोघांना कळत होतं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मला वाजवता येतं असं मला कधीच वाटलं नाही. मला एनॉकचे पाय बघता येत होते, इतकंच. ते पायच आता उठत नव्हते. आणि चौकात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या मुलीचा नाच माझ्यामुळे फसला तर? त्याला दुसरा व्हिटसन मिळणार नव्हता.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी रॉली दारात येऊन उभा राहिला. रॉली गावातला दारूगुत्ता चालवतो आणि मंडळीत नाचतो.

“जिवंत आहेस म्हणायचा! आम्हाला वाटलं, कुठल्यातरी जाड पुस्तकात खूण म्हणून अडकून पडलास.”

“बोटं आखडलीत रे.”

“मग जी आखडली नाहीत त्यांनी वाजव. चल. सरावाला मेरियल आलीये, म्हाताऱ्यालाही आणलंय. नको वाजवूस हवं तर. पेटी तेवढी बरोबर घे.”

शाळेच्या हॉलमध्ये एनॉक हीटरजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर घोंगडी.  मला बघून त्याचा डावा हात घोंगडीवर हलला. मेरियल त्याचेच पट्टे बांधत होती. तिच्या पायांना ते सैल होत होते, म्हणून तिने नवी भोकं पाडली होती.

“पत्र मिळालं ना, काका?”

“मिळालं.”

“तेवढं तरी बरं,” ती म्हणाली आणि रुमाल घेऊन जागेवर उभी राहिली.

सुरुवातीची पावलं बरी गेली. एनॉक खुर्चीतून पुकारत होता. हॉप. स्किप. स्प्रिंग. जीभ जड होती, पण शब्द ठोक्यावर पडत होते. मग चाल संथ झाली.

“केपर!”

मेरियल उडाली. हवेत घुंगरं गप्प असतात. ती छन्न करून टेकली, आणि माझा सूर चालूच होता. पुढच्या उडीलाही तेच झालं. तिसऱ्या उडीनंतर ती रुमाल खाली सोडून उभी राहिली.

“लेनर्डकाका, मी कधीच खाली आलेय. तुम्ही कुणाची वाट बघताय?”

कुणी हसलं नाही. रॉलीही नाही.

मी तिच्या पायांकडे बघतच नव्हतो. हॉलच्या भिंतीला खालून हिरवा रंग आहे, वर पांढरा. ऐन उमेदीत एनॉकचे गुडघे त्या हिरव्या कडेच्या वर जायचे. माझी नजर त्या कडेवर होती. आणि एनॉक? तो लेकीच्या टाचांकडे टक लावून बघत होता. त्याने एकदाही त्या भिंतीकडे पाहिलं नव्हतं.

“केपर,” तो परत म्हणाला. या वेळी हळू.

मी मान खाली घातली आणि तिचे पाय बघितले. तिची उडी बापाची नव्हती. आखूड, चपळ, डावी टाच किंचित आत वळलेली. दोनदा माझी बोटं मागे पडली, एकदा जुळली, परत चुकली. पण ती थांबली नाही.

शेवटी घाम पुसत ती माझ्याजवळ आली. “आत्ता काही बोलू नका. तुम्ही बघू म्हणाल आणि मी त्याला हो समजेन. लिहून कळवा. बाबांना वाचून दाखवायचंय मला.”

ती खुर्ची ढकलत दाराकडे निघाली, तेव्हा एनॉकने डाव्या हाताने माझी बाही धरली.

“हॉप,” तो म्हणाला.

मी मेरियलकडे पाहिलं. तिने मान हलवली. “आता हे काय, ते मलाही नाही माहीत.”

हॉलची एकही खिडकी उघडी नव्हती. त्याने बाही बराच वेळ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा म्हणजे नुसती बोटांच्या दुखण्याची कहाणी झाली. दुसऱ्यात मी माझ्यापेक्षा चांगले वाजवणारे सुचवले होते, त्यांतला एक तर कधीच वारला होता. दोन्ही शेगडीत घातले. मग लिहिलं:

‘मेरियल, येतो. एनॉकला पुढे बसव, तुझे पाय नीट दिसतील असा. मीही तेच बघेन. व्हिटसनपर्यंत दर गुरुवारी हॉलवर असेन. बोटं चुकतील, तेव्हा सांगत जा.’

चर्चच्या भिंतीतल्या टपालपेटीपाशी जाऊन पाकीट फटीत धरलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. समोरून ब्रेड घेऊन येणाऱ्या कुणीतरी सुप्रभात म्हटलं. मी उत्तर द्यायला वळलो आणि हात मोकळा केला; पाकीट आत पडलं.