चहा पडलेलं पाणी

मी प्रिंटर बोलतोय. एरवी मला दोनच गोष्टी सांगता येतात, कागद संपला आणि शाई संपली, त्याही दिवा मिचकावून. त्यामुळे माझ्या पोटात काय साठलंय, हे आजवर कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका, मी आपणहून सांगतो. या घरात मला खोटारडा ठरवून खोक्यात भरायची तयारी झाली होती, आणि मी खरा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, शेकडो जण एकाच दिवशी जन्मलो. माझ्या पोटात सहा शाया आहेत. काळी, पिवळी, गुलाबी, निळी, आणि त्यांच्या जोडीला फिकट गुलाबी व फिकट निळी. डोक्यावर झाकण आहे, झाकणाखाली काच. झाकण उघडलं की मला वरचं दिसतं, म्हणजे छत, पंखा आणि वाकून बघणारं तोंड. बाकीचं सगळं मी ऐकून आणि अंदाजाने जाणतो.

कारखान्यातून निघताना माझ्या पाठीवर एक चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र होतं आणि थेंबावर लाल फुली. पाणी म्हणजे माझा काळ, एवढं मला समजलं. पण ज्याच्यावर फुली मारलीय ते असतं तरी कसं, ही उत्सुकता तेव्हापासून माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

दुकानात आम्ही चौघं एका फळीवर होतो. एक दिवस एक बाई आली. विक्रेत्याने नेहमीचा प्रश्न विचारला, काय छापायचंय, बिलं की फोटो? ती म्हणाली, "पाणी." त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि घाईने सांगून टाकलं की पाण्याने बिघडलं तर वॉरंटी नाही.

ती पाणबुडी होती. बोटीचं म्हणत नाही मी, माणसाचं म्हणतोय. बंदराच्या धक्क्याचे खांब पाण्याखाली जाऊन तपासायचे, कुठे तडा गेलाय का बघायचं, हे तिचं काम. काम उरकलं की ती त्याच खांबांवर राहणाऱ्या जिवांचे फोटो काढायची. त्यातला एकच फोटो तिने पेन ड्राइव्हवर आणला होता. शिंपल्यांनी मढलेला खांब, त्याच्या आडून डोकावणारा मासा, आणि मागे लांबवर गडद होत गेलेलं पाणी.

तोच फोटो तिने चौघांकडून छापून घेतला. ऑफिसात काम करायच्या लायकीचा माझा शेजारी होता, त्याने पाण्याच्या पायऱ्या केल्या. एक निळी पट्टी, तिच्याखाली दुसरी निळी पट्टी. चार शायांच्या दोघांनी पाण्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके उठवले. माझी पाळी आली तेव्हा फिकट निळी शाई कामाला आली. फिक्यापासून गडदपर्यंत पाणी कुठेही न अडखळता उतरलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने कागदांची चौकशी केली. चकचकीत कागद उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला. म्हणाली, यात पाणी कमी आणि दुकानाची खिडकी जास्त दिसते. मंद चकाकीचा कागद आणि मी, दोघं तिच्याबरोबर निघालो.

घरी तिघंजण होते. ही लेक, तिची आई आणि बाबा. बाबा जातिवंत पाणबुडे. चाळीस वर्षं पाण्याखाली काढली, मग कानाच्या दुखण्याने डॉक्टरांनी पाणी बंद केलं. त्याला आता बारा वर्षं झाली होती. पाणबुड्यांच्या शाळेत निम्मे शिक्षक त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्या शाळेच्या लांब व्हरांड्यात लेकीचे बारा फोटो लागायचे होते. नव्या मुलांना पाण्यात उतरण्याआधी पाणी कसं दिसतं ते कळावं, म्हणून. लेकीची एकच अट होती, आणि ती तिने स्वतःलाच घातली होती. बाबांनी "बरोबर" म्हटल्याशिवाय एकही फोटो घराबाहेर जाणार नाही.

मला वाटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. पहिला फोटो छापला. बाबा तो घेऊन खिडकीशी गेले. मी कान टवकारले, म्हणजे असते तर टवकारले असते.

"नाही," ते म्हणाले. "पाणी असं नसतं. यात चहा पडलाय."

लेकीने संगणकावर निळा वाढवला. दुसरा कागद निघाला. बाबा म्हणाले, चहा कमी झालाय, पण गेलेला नाही. तिसरा, चौथा, सातवा. माझी निळी बाटली उन्हातल्या डबक्यासारखी खाली जायला लागली. मी दिवा मिचकावला, तिने नवी शाई भरली, आणि पुन्हा तेच.

छापता छापता बाबा गोष्टी सांगायचे, आणि खरं सांगतो, त्यासाठी मी शाईची उधळपट्टीही सोसली. खोल पाण्यात तांबडा रंग पोहोचतच नाही, म्हणे. एकदा पत्र्याने त्यांचा तळहात कापला, तर रक्त हिरवं दिसलं. त्यांना आधी वाटलं शेवाळ चिकटलंय, म्हणून ते पुसत बसले. वर आले तेव्हा हात लालभडक. मी माझ्या गुलाबी शाईचा विचार करत राहिलो. तिला पाण्यात नेलं तर तीही हिरवी होईल का? आणि मग ती कुणाची? असले प्रश्न मला पडतात. रिकामा वेळ फार असतो.

अकराव्या कागदाला आई भाजी चिरता चिरता डोकावली. "अहो, हे पाणी आहे की निळीची बादली?" बाबांनी तिला विचारलं की तू किती वेळा बुडी मारलीस, आणि आईने सुरी पुन्हा भाजीकडे वळवली. लेकीलाही तो निळा जास्त वाटत होता. मला ठाऊक आहे, कारण झाकण उघडून ती माझ्याशीच पुटपुटली, "माझी पाण्यात दहा वर्षं, त्यांची चाळीस. मीच चुकत असणार." आपल्या माणसांवर इतका विश्वास असावा की नसावा, हे मला सांगता येत नाही. तिचा होता.

शेवटी बाबा म्हणाले, "चालेल." बरोबर नाही म्हणाले, चालेल म्हणाले. पण शाळेची तारीख दोन दिवसांवर आली होती. लेकीने आपली अट गिळली आणि बाराही फोटो त्याच निळ्यात छापून नेले.

संध्याकाळी ती बाराच्या बारा परत घेऊन आली. स्वयंपाकघरात आईला हलक्या आवाजात सांगताना मी ऐकलं. मुख्याध्यापकांनी आधी तोंडभर कौतुक केलं, मग चाचरत विचारलं की हे आपल्याच धक्क्याखालचं पाणी ना? मागे दोन मुलं हसली. एक म्हणाला, मॅडम शाईच्या दौतीत उतरल्या होत्या वाटतं. तिने तिथल्या तिथे फोटो उतरवले. "बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली.

पण घर केवढंसं, लपणार काय? बाबांनी ऐकलं आणि ते थेट माझ्याकडे वळले. माझ्यावर त्यांचा पहिल्यापासून राग होताच. यंत्रच खोटं आहे, हे परत करून टाका, असं म्हणत त्यांनी माळ्यावरून माझं खोकं काढायला लावलं. ते थर्माकोलचे तुकडे माझ्या शेजारी येऊन पडले तेव्हा मला काय वाटलं, विचारू नका. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी त्या घरातच ऐकली होती. आपण नाचणारे की अंगण, हे मात्र मला समजेना.

परत करण्याआधी दुकानाने मेकॅनिक पाठवला. बडबड्या, शिट्टी वाजवत काम करणारा गृहस्थ. त्याने माझं डोकं साफ केलं, तपासणीचे कागद छापले आणि म्हणाला, मशिनला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे. बाबा चिडले. चाळीस वर्षं पाणी पाहिलंय मी, म्हणाले. मेकॅनिकने वाद घातला नाही. माझ्याकडून एक पट्टी छापून घेतली. पांढऱ्या कागदावर निळ्याचे दहा चौकोन, पहिला अगदी फिका, दहावा गडद. ती बाबांच्या हातात देऊन तो सहज म्हणाला, "काका, कितव्या चौकोनापासून निळा दिसतो तेवढं सांगा."

बाबांनी पट्टी खिडकीशी नेली. "पाचव्यापासून. पहिले चार तर कोरेच आहेत."

आई जवळच उभी होती. "कोरे कुठले? निळे आहेत की."

शिट्टी थांबली. लेकीने पट्टी घेतली आणि चौकोनांवरून बोट फिरवत पहिल्यापर्यंत नेलं. तिला एकेक आठवत असणार, कारण मलाही आठवत होतं. वर्तमानपत्र घेऊन बाबांचं खिडकीशी सरकणं. कपात ओतलेला चहा बशीत येणं. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात गडद निळा, आणि आईची त्यावरून थट्टा. सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि आम्ही निळ्या शाईच्या बाटल्या मोजत बसलो होतो.

बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे चहा माझ्या डोळ्यांत पडलाय."

"कधीपासून, बाबा?" लेकीने विचारलं.

"अंधुक दिसायला लागून दोनेक वर्षं झाली. रंगही बदललेत, ते आज कळलं. कान गेले तेव्हा पाणी गेलं. डोळे गेले म्हटलं असतं, तर तुझे फोटो मला कोण दाखवणार होतं?"

लेक त्यांच्या गुडघ्याशी बसली आणि रडली. मलाही रडू आलं असतं, पण माझ्या पोटातली शाई बाहेर आली की कागद खराब होतो.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, पट्टी निघाली, चार दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी माझ्या टेबलाच्या कप्प्यात हात घातला आणि मी छापलेला सगळ्यात पहिला फोटो काढला. तो चहा पडलेला. एका हातात तो, दुसऱ्यात त्यांनी ‘चालेल’ म्हटलेला. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. आई म्हणाली, हे काय लहान मुलासारखं? ते म्हणाले, या डोळ्यात अजून जुनं घर आहे आणि या डोळ्यात नवं. भिंत पांढरी आहे, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. ‘चालेल’वाला फोटो त्यांनी उलटा ठेवला आणि मला वाटतं, ते लाजले. शाळेच्या व्हरांड्यात आता माझे सरळ साधे बारा फोटो लागले आहेत. मुलं हसत नाहीत म्हणे, थांबून बघतात.

दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मी अजून इथेच आहे. खोकं परत माळ्यावर गेलं. एवढ्या छपाईने माझंही थोडं वय झालंय, गुलाबी शाईचं एक भोक अधूनमधून बुजतं. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर आठवड्यातून एखादा कागद तरी त्याच्याकडून छापून घेत जा. बसून बसून शाई वाळते, आणि वाळलेल्याला सगळे बिघडलेला म्हणतात.

आणखी एकच सांगायचं राहिलं, परवाचं. बाबा माझा तो पहिला फोटो घेऊन लेकीबरोबर धक्क्यावर गेले होते. नव्या डोळ्याने खरं पाणी आणि माझं पाणी शेजारी धरून बघायचं होतं. लाट आपटली, फोटोवर शिंतोडा उडाला. घरी आल्यावर त्यांनी माझं झाकण उघडलं आणि तो फोटो काचेवर पालथा ठेवला.

मी बघितलं. कोपऱ्यात जिथे थेंब पडला होता, तिथे माझा निळा विरघळून पसरला होता आणि त्याच्या कडेला एक बारीक, फिकी, वेडीवाकडी रेघ उमटली होती. माझ्या पाठीवर फुली मारलेला तो थेंब हाच. इतके दिवस मी त्याला छापत होतो, आणि तो असा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

बाबांनी बटण दाबलं. मी सहाही शाया पणाला लावून ती प्रत काढली, डागासकट, त्या फिक्या रेघेसकट. त्यांनी ती खिडकीशी नेली नाही. जागच्या जागी उभं राहून, जुना डोळा मिटून, नव्या डोळ्याने बघितली.

"बरोबर," ते म्हणाले.