तिसऱ्या खांबाखालचा गाळ

इंजिनिअर बाईंनी गाळाने भरलेली काचेची नळी टेबलाच्या मधोमध उभी केली.

"धोका किती, ते नंतर. आधी प्रत्येकाने सांगायचं, पूल झाला तर आपलं काय होणार आणि अडला तर काय."

खोलीत चुळबूळ झाली. नदीवरच्या नव्या पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली मऊ गाळ लागला होता. तो कितपत धोक्याचा, हे ठरवायला सगळे जमले होते. पण मागच्या बैठकीत जो तो आपलंच घोडं पुढे दामटत राहिला होता.

कंत्राटदाराने घसा साफ केला.

"लपवायचं काय त्यात? काम थांबलं तर माझी यंत्रं गंजत पडतील. म्हणून मला गाळ जरा कमीच दिसतो."

होडीवाल्यांच्या वतीने तात्या आले होते. ते म्हणाले, "पूल झाला की आमच्या पोटावर पाय येणार. म्हणून मला जिथे तिथे गाळच दिसतो."

सगळे हसले आणि खोली सैल झाली. मग बोलणी सरळ होत गेली. शेवटी धोका मध्यम, काम चालू ठेवायचं, यावर गाडं येऊन ठेपलं. बाईंचंही मत तेच होतं. खुर्च्या सरकू लागल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक जण राहिलंय."

त्यांनी नळी उचलून तिरकी केली. आतला गाळ सावकाश एका बाजूला कलला.

"माझी आई पलीकडे असते, एकटी. पूल झाला की रोज संध्याकाळी तिच्याकडे जाता येईल, म्हणून मी डोळे लावून बसलेय. हाच गाळ दुसऱ्या पुलाखाली असता, तर मी धोका जास्त म्हटला असता."

कंत्राटदाराने मागे सरकवलेली खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली.

"तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं, बाई."

"मला कळलं होतं."

मग पुलाशी काही घेणंदेणं नसलेला बाहेरचा जाणकार बोलावला. त्याने नळी बघितली, पुन्हा नमुने काढले आणि धोका जास्त म्हणून सांगितलं. पाया नव्याने, खोल घ्यायचं ठरलं. पूल निदान दोन वर्षं तरी लांबला.

रविवारी बाई होडीत बसल्या. वल्ह्यावर तात्याच होते.

"आमचं भलं झालं," ते म्हणाले, "पण तुमच्याकडे बघून हसू येत नाही."

होडी पलीकडच्या काठाला लागली.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. बाई तिच्या पायाशी पायरीवर टेकल्या आणि झालं ते सगळं त्यांनी सांगितलं. आईने त्यांच्या केसांतून हात फिरवला.

"खरं बोललीस, बरं केलंस."

"पूल झाला असता तर रोज आले असते गं."

आईचा हात क्षणभर थांबला.

"होडी तर रोजच असते ना?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

उन्हं उतरली. धक्क्यावरून तात्यांनी शेवटच्या फेरीची हाक दिली. बाई उठल्या. दाराबाहेर काढलेल्या चपला त्यांनी उचलल्या आणि आत नेऊन आईच्या चपलांशेजारी ठेवल्या.