हात दे

“हात दे,” म्हणत दादांनी उजवा हात पुढे केला आणि पिल्लानं आपला पंजा त्यांच्या तळहातावर ठेवला.

“शाब्बास रे ठोंब्या!” दादांनी बिस्किटाचा तुकडा टाकला. ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोनं वळून पाहिलं, तोवर त्यांचा हात मांडीखाली गेला होता. हल्ली तो बराच वेळ तिथंच असायचा.

हात कापत होता. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, मग एकदा साबणाचा ब्रश गिऱ्हाइकाच्या नाकात गेला. वस्तरा हातात घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र दादांनी कंबर धरली आणि दुकान लेकीवर सोडून घर गाठलं. कंबरेचं एक बरं असतं, ती दुखते की नाही हे कुणाला दिसत नाही. लेकीला बिचारीला खरंच वाटलं. घरी बसून दादा कंटाळतील म्हणून तिनं हे पिल्लू आणून दिलं.

पिल्लू म्हणजे नुसता अर्क. बस म्हटलं की उभं, ये म्हटलं की पसार. लोळण घ्यायला शिकवताना तर दादांच्या नाकी नऊ आले. शेवटी बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी स्वतःच फरशीवर लोळून दाखवलं.

“पालथ्या घड्यावर पाणी!” बायको म्हणायची.

पण ‘हात दे’ तेवढं ते शिकलं, तेही फक्त दादांपुरतं. बायकोनं हात पुढे केला की हाताकडे टकामका बघत बसायचं.

“का रे, माझ्या हाताला काटे आहेत?”

“गुरू एकच असतो,” दादा म्हणायचे. दुकान सुटल्यापासून एवढी एकच गोष्ट त्यांना जमली होती, आणि तिचा त्यांना मनापासून अभिमान वाटायचा.

संध्याकाळी लेक आली ती वस्तऱ्याचा डबा घेऊनच.

“धार लावून आणलाय. उद्यापासून येताय ना दादा? वकीलसाहेब दाढी वाढवून बसलेत. मी करते म्हटलं, तर म्हणाले, माझा गळा मी फक्त तुझ्या बापाच्या हाती देतो.”

दादांनी डावा हात कंबरेला लावला. “अगं, पण कंबर...”

“उंच स्टूल घेतलंय तुमच्यासाठी. बसून करा.”

विषय टाळायला त्यांनी पिल्लाला हाक मारली. “ते राहू दे, आधी ही गंमत बघ. ठोंब्या, हात दे!”

लेकीसमोर हात कापायला नको म्हणून त्यांनी कोपर गुडघ्यावर दाबलं आणि डाव्या हातानं मनगट घट्ट आवळलं. हात अगदी स्थिर झाला. पिल्लानं त्याच्याकडे पाहिलं, शेपूट हलवलं आणि वाट बघत बसलं.

“दे की रे!”

पिल्लू ढिम्म.

“थांबा, मी बघते,” म्हणत लेक खाली बसली. दिवसभर कात्री चालवूनही तिचा हात जराही हलत नव्हता. पिल्लू त्याही हाताकडे तसंच बघत राहिलं.

“सकाळी तर लगेच दिला होता,” बायको म्हणाली.

दादांची पकड थकली. मनगट सुटलं, हात थरथरला, आणि पिल्लानं तत्काळ त्यावर पंजा ठेवला.

दादांच्या आता ध्यानात आलं. शब्द त्यानं कधी ऐकलेच नव्हते. हात थरथरला की पंजा द्यायचा, एवढंच ते शिकलं होतं, आणि शिकवलं होतं त्यांनीच. हात मांडीखाली घ्यायला हवा होता, पण त्यावर पंजा होता.

लेकीनं आपला हात पुन्हा पुढे केला. या वेळी तो तिनं मुद्दाम थोडा थरथरवला. पिल्लानं दादांच्या हातावरचा पंजा उचलून तिच्या हातावर ठेवला.

बायकोनं गॅस बंद केला.

“कधीपासून, दादा?” लेकीनं विचारलं.

“हुशार आहे गं पिल्लू,” दादा म्हणाले.

लेकीनं डबा हळूच स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. पिल्लू बक्षिसासाठी दादांकडे बघत होतं. त्यांनी बिस्किट उचलून पुढे धरलं. बिस्किट बोटांत थरथरत होतं. पिल्लानं त्याला तोंडही लावलं नाही, आधी पंजा उचलून दादांच्या हातावर ठेवला. बिस्किट खाली पडलं, तरी ते हललं नाही. शिकवलं होतं तसंच बसून राहिलं.