खिशातली लेस

नवऱ्याच्या पँटचा खिसा उलटा केला तशी ती लेस तिच्या ओल्या तळहातावर पडली.

बोटाएवढी लांब, पांढरी, बारीक गोल कड्यांची. आधी एकदा असाच एक तुकडा निघाला होता, तेव्हा तिला वाटलं होतं की आपल्याच शिवणातलं काहीतरी चिकटून गेलं असेल. पण एक तुकडा चिकटतो, दुसरा कुणीतरी ठेवलेला असतो. तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि लेस उजेडात धरली.

गल्ली तिला टेलरबाई म्हणत असे. बाहेरच्या खोलीत मशीन होतं, आणि कुणाची बाही आखूड कर, कुणाची चेन बदल, हे तिचं आयुष्यभराचं काम. लेस म्हणजे तिच्या हाताखालून किती गेली असेल! मशीनची लेस उलटी करून बघितली की कळते, तिचे सगळे दोरे एका चालीने पळतात. ही तशी नव्हती. हिचा श्वास कमी-जास्त होत होता. इथे गाठ घट्ट, तिथे सैल, एक कडी मिटलेली, तर दुसरी आ वासून बसलेली. ही हातची होती. कुणीतरी बसून, वेळ काढून केलेली. आणि हातची लेस कुणी वाटेवरच्या माणसाला देत नाही.

मग तिने दोरा बोटांत चोळून पाहिला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली नाही, सरळ अंगावर पडली. दोरा तिचाच होता. कॉलरच्या आतल्या टिपेला ती वापरायची तो बारीक, किंचित चमक असलेला पांढरा. रीळ भराभर उतरतंय असं तिला वाटतच होतं.

म्हणजे घरचा दोरा बाहेर जात होता आणि लेस होऊन खिशातून परत येत होती.

रात्री जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, माझं पांढरं रीळ बघितलंत का कुठे?"

"कुठलं?"

"बारीक दोऱ्याचं."

"नाही बुवा," नवरा म्हणाला, आणि म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या कानाच्या पलीकडे बघितलं, जणू तिच्या मागे दुसरं कुणी उभं आहे. हल्ली हे नेहमीचंच झालं होतं. बोलताना नजर चोरायची. ती समोर बसली की त्याने भिंतीकडे बघायचं. पूर्वी चौकातलं घड्याळाचं दुकान दुपारी बंद करून तो घरी जेवायला यायचा, आता डबा नेत होता. "दुपारी गिऱ्हाईक असतं," म्हणे. भर दुपारी उन्हातान्हात घड्याळं घेऊन येणारं हे कुठलं गिऱ्हाईक?

तिने पुढे काही विचारलं नाही. लेस मात्र बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली.

त्यानंतर ती रोज खिसे तपासू लागली. स्वतःची लाज वाटायची, पण हात थांबायचा नाही. तुकडे येत राहिले, आणि तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की ते सुधारत होते. आ वासलेल्या कड्या कमी झाल्या. मग एका तुकड्यात सगळ्याच मिटल्या, अगदी गोल. कड्यांच्या कडेला बारीक बारीक फासे आले, एकसारखे. शिकतेय बया, तिने मनात म्हटलं. कुणी शिकवणारं नाही, चुकतमाकत, पण नेटाने शिकतेय. आणि शिकतेय ती याच्यासाठी.

धाकटी बहीण तिच्याकडे आली तेव्हा तिने दार लावून बटणांचा डबा तिच्यापुढे पालथा केला.

धाकटीने तुकडे बघितले, बहिणीचं तोंड बघितलं आणि फस्सकन हसली. "ताई, भावोजी? आपले भावोजी? अगं, त्यांना कुणी पळवून नेलं ना, तर संध्याकाळी परत आणून सोडेल!"

"हस तू. तुझं काय जातंय?"

"नाही तर काय! चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. तो लफडं करायचं म्हणाला तरी पत्ता विसरेल."

"मग हे काय आहे?"

"असेल कुणा गिऱ्हाइकाचं. सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

"स्वर्ग कुठला गं, नरकच गाठलाय," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. तेव्हा धाकटी हसायची थांबली.

"विचार ना मग सरळ."

"विचारलं आणि हो म्हणाले तर?"

धाकटीने तुकडे पुन्हा डब्यात भरले, वर बटणं ओतली, आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "जेवत जा गं नीट."

सकाळी देवाला हात जोडून झाल्याशिवाय मशीनला शिवायचं नाही हा तिचा नेम होता, कधी ताप असला तरी न मोडलेला. त्या दिवशी हात जोडले, पण रोजचे शब्द ओठांवर येईनात. शेवटी ती एवढंच म्हणाली, खरं काय ते एकदा दाखव मला. मागणं चुकीचं नव्हतं. पण मागताना माणसाच्या मनात उत्तरही तयार असतं, आणि तिच्या मनातल्या उत्तराला नाक-डोळे, केस, हातात बांगड्यासुद्धा आल्या होत्या.

दुपारी तिने मशीनवर कापड झाकलं आणि निघाली.

चौकातली दुकानं पेंगत होती. नवऱ्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. ती समोरच्या औषधांच्या दुकानापाशी जरा थांबली. कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. म्हणजे ती बया आधीच आत असणार. तिने रस्ता ओलांडला. वाकून ती शटरखालून आत गेली.

पुढच्या भागात काचेची पेटी, भिंतीवर घड्याळं. प्रत्येकाची वेळ वेगळी. पूर्वी असं नसायचं, एका ठोक्याला सगळी वाजायची आणि गिऱ्हाईक दचकायचं. मागच्या खोलीचा पडदा बाजूला सारलेला होता. आत दिवा नव्हता.

तो एकटाच स्टुलावर बसला होता.

मांडीवर तिचं पांढरं रीळ. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा ताणलेला, आणि उजव्या हातात होडीच्या आकाराचं काहीतरी, अंगठ्याएवढं, घड्याळाच्या जुन्या काचेतून कापून घासून गुळगुळीत केलेलं. ती होडी दोऱ्याखालून जात होती, वरून येत होती. खालून, वरून. मधेच बोटं जरा सैल पडत, काहीतरी टक्कन सरके, आणि होडी पुन्हा निघे. त्याचे डोळे मिटलेले होते.

ती दारात उभी राहिली. शटरखालून आलेला उजेड तिच्या पाठीवर पडला होता. तिचा पाय कशाला तरी लागला आणि आवाज झाला.

त्याने डोळे उघडले, थेट तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दुकान बंद आहे हो, ताई. चारनंतर या."

ती हललीसुद्धा नाही.

"ऐकू येतंय ना? आपण चारनंतर या. काय काम होतं?"

इतक्या वर्षांत तो तिला कधी 'आपण' म्हणाला नव्हता. ती दोन पावलांवर उभी होती. तेव्हा त्याने मान जरा वळवली आणि नजर तिच्यावरून काढून बाजूच्या भिंतीवर नेली. अगदी तशीच, रोज जेवताना न्यायचा तशीच. आणि भिंतीकडे बघत बघत त्याचा चेहरा बदलला.

"तू?" तो म्हणाला.

होडी त्याच्या हातातून सुटून दोऱ्याला लोंबकळत राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं. आपण काय विचारतोय हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

"झाले बरेच दिवस." तो दोरा गुंडाळू लागला. "मधोमध एक डाग आहे. जिकडे बघायला जावं तिकडे आधी तो जाऊन बसतो. कडेकडेचं दिसतं. तुला बघायचं तर तुझ्या बाजूला बघावं लागतं."

"डॉक्टर?"

"जेवढं आहे तेवढं सांभाळा म्हणाले. एकाने नाही, दोघांनी."

ती खाली पायरीवर बसली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू माझ्याकडे बघितलं असतंस."

"म्हणजे?"

"आत्ता बघतेयस तशी."

"दिसतंय का तुम्हाला?"

"नाही. ऐकू येतंय."

पुढच्या खोलीत एक घड्याळ कुठल्यातरी भलत्याच वेळेचे ठोके देऊन गप्प झालं.

"आणि हे?" तिने लेसकडे बोट केलं, मग त्याच्या लक्षात यावं म्हणून लेसच हातात घेतली.

"हातांना काहीतरी हवं होतं गं. फोनवर व्हिडिओत एक म्हातारी हे करताना बघितली. भाषा कळत नव्हती, पण तिची बोटं अगदी आपल्या कामासारखी चालायची. म्हटलं दिसतंय तोवर शिकून घ्यावं, मग बोटं आपली आपण करतील." तो जरा थांबला. "आधी सगळं उलटंच करत होतो. वाटायचं, हा होडीचा दोराच गाठ मारतो. म्हणून तोच ओढून धरायचा. गाठ बसायची, पण कडी काही मिटायची नाही. मग कळलं, गाठ मारून झाली की डावा हात ढिला सोडायचा. गाठ टक्कन उडी मारून या होडीच्या दोऱ्यावर जाते. जो बांधतोय असं वाटतं ना, तोच बांधला जातो."

ती ऐकत होती. तिच्या बोटांत कडी होती, मिटलेली, गोल.

"दोरा माझा चोरलात."

"हो. मऊ आहे. दुकानातला बोटांना कळत नाही."

"विचारलं तर नाही बुवा म्हणालात."

"हो."

"आणि मी—" तिने पदर तोंडाशी नेला. "मला बाई वाटली."

"काय?"

"बाई. कुणीतरी. तुमच्यासाठी लेस करणारी."

तो आधी समजलाच नाही. समजल्यावर असा हसला की स्टूल करकरलं. "माझ्याकडे? या वयात?"

"हसू नका."

"बरी होती का गं दिसायला?"

"मेलं तोंड तुमचं!" ती म्हणाली, आणि हसता हसताच रडू लागली. तो उठला नाही. त्याने फक्त हात पुढे केला. तो हात तिच्या खांद्याच्या थोडा अलीकडे, हवेत थांबला, आणि तिने खांदा पुढे नेला.

तेवढ्यात शटर वाजलं. कुणीतरी वाकून आत आलं. चौकातला वर्तमानपत्रवाला होता. "काका, आहात ना? आला का तो पार्ट?"

नवऱ्याची पाठ ताठ झाली. पेटीच्या खालच्या कप्प्यात कितीतरी घड्याळं बंद पडलेली, ओळीने ठेवलेली तिला आत्ताच दिसली होती. सगळ्यांचेच पार्ट यायचे होते.

"थांबा, मी सांगते त्यांना," ती कुजबुजली आणि उठू लागली.

"बस तू," तो म्हणाला.

तो पुढे गेला. कप्पा उघडला आणि ओळीवरून बोटं फिरवत गेला. एक घड्याळ उचललं, अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या, खाली ठेवलं. पुढचं उचललं, पट्ट्याची शिवण तपासली. तिसरं त्याने हातात धरून ठेवलं.

"पार्ट येणार नाही," तो म्हणाला. "माझ्याच्यानं आता होत नाही. घेऊन जा तुम्ही. दुसरीकडे दाखवा."

"अरे! मग इतके दिवस..."

"हो. चुकलं माझं."

वर्तमानपत्रवाल्याने हात पुढे केला होता. पण नवऱ्याने लगेच दिलं नाही. खिशातून पिवळा फडका काढला, काचेवर वाफ सोडली आणि ती गोल गोल पुसली. मग मागची बाजू पुसली, पट्ट्याचं बक्कल पुसलं. चावी हलकेच फिरवली, कानाशी नेलं, ऐकलं. काहीच वाजत नव्हतं. मग दुरुस्त झालेलं घड्याळ द्यावं तसं त्याने ते दोन्ही हातांनी पुढे केलं, बरोबर त्या माणसाच्या तळहातात.