हाडं दळू नका

भट्टीवरून आलेला डबा उघडला. आत पीठ होतं. पांढरं, रवाळ पीठ. शिझुयोकाकूंची हाडं दळून आली होती!

हिलो गावात आमचं घर जपानातून आलेल्या आजोबांपासून मयताचंच काम करतं. दहनाची भट्टी मात्र आता गोऱ्यांच्या कंपनीची, आणि तिथं हाडं यंत्रात घालून बारीक करायची पद्धत. आपल्या जपानी लोकांना ती अख्खी लागतात. म्हणून दर वेळी फोन करून बजावायचं, "हाडं दळू नका." एवढं एक वाक्य. आणि परवा मी त्यांच्या मेल्या ड्रायव्हरच्या उशिरावरून फोनवर अशी काही तावातावाने भांडले, की नेमकं तेच सांगायचं राहिलं. भांडणात हार जात नाही ना मी!

बाहेर हमासाकीकाका काळा कोट घालून बसले होते, हातात बांबूच्या काड्यांच्या दोन जोड्या. पोर नाही, बाळ नाही. बायकोची हाडं स्वतः वेचून कलशात ठेवायची, एवढ्यासाठीच ते आले होते.

"ताई, त्या बेवारस म्हाताऱ्याची अख्खी आहेत की आपल्याकडे," माझा धाकटा भाऊ वेंडेल कुजबुजला. "चार काढून दे. हाडांवर काय नाव लिहिलेलं असतं?"

"लाज वाटते का रे तुला?" मी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, त्या पेटीचं झाकण मी उघडलंसुद्धा. मग माझीच मला शिसारी आली. डबा उचलला आणि तशीच बाहेर गेले.

"काका, चूक झाली. माझ्या हातून झाली. सांगायला विसरले मी, त्यांनी दळली."

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. "सगळीच?"

"हो."

"सगळ्यात शेवटी ठेवायचं ते गळ्याचं हाडसुद्धा?"

मला मान वर करवेना. "शिव्या द्या हो काका. दोन थोबाडीत मारा हवं तर."

"तिची आई तिकडे जपानात वारली, तेव्हा हिला हाडं वेचायला जाता आलं नाही," ते म्हणाले. "फार रडली होती. मी म्हटलं होतं, तुझी मी वेचीन, माझ्या हाताने."

त्यांनी काड्या पिठात घातल्या. उचलल्या. चिमूटभर टोकाला राहिलं, तेही सांडलं. मग दुसरी जोडी माझ्यापुढे धरली.

"घे. हे एकट्याने करायचं नसतं."

"मी नको काका. मीच तर..."

"दुसरं कोण आहे इथं?"

मी काड्या घेतल्या.

"पोरी, पाय आधी ठेवायचे असतात," ते म्हणाले. "नाहीतर ती कलशात उलटी व्हायची. यातले पाय कुठले, तेवढं सांग."

मी डब्यात बघत राहिले.