झाकणावरचा मंच

सुदामा नगरातल्या त्या गल्लीत महिनाभर ड्रेनेजचं पाणी वाहत होतं आणि गल्ली महापालिकेच्या नव्या साहेबांची वाट बघत होती. साहेब तरुण आहेत, कडक आहेत, आले की सगळं ठीक करतील, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मानलं. स्वागताला मंच बांधला, तोही गल्लीच्या तोंडाशी, नेमका तुंबलेल्या चेंबरच्या झाकणावर.

निवृत्त मास्तर अच्युतराव गॅलरीतून ओरडले, "अरे, अक्कल गहाण ठेवली का? झाकण दबलं ना खाली!"

"काका, टेन्शन नका घेऊ," मंडळाचा विक्रांत खालून म्हणाला. "साहेब आले की सब हो जाएगा."

दुसऱ्याच दिवशी, कुठल्याशा जुन्या तक्रारीवरून, चेंबर साफ करणारी गाडी चक्क आली. विक्रांतने ड्रायव्हरला हात जोडले. "भिया, आज रहने दो. मंच हटा तो साहब के सामने इज्जत जाएगी." गाडी गेली ती गेलीच.

साहेबही आले नाहीत. त्यांची बदली झाली, हार मंचावरच सुकले.

आता तरी हा मंच काढायला लावतो, म्हणत अच्युतराव पायजमा वर धरून त्या पाण्यातून मंचापाशी गेले. विक्रांत फ्लेक्सवरच्या नावावर कागद चिकटवत होता.

"त्यांच्या जागी मॅडम येताहेत, काका. एकदम डेंजर आहेत म्हणे."

अच्युतरावांच्या तोंडाशी शिवी आली होती.

"खरंच डेंजर आहेत?" त्यांनी विचारलं, आणि पायजमा सोडून फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं.