मी बिघडलोच नव्हतो!

मी एक जुना, पिवळट पडलेला ॲडाप्टर आहे. नाक मुरडू नका. तुमचा प्लग परदेशातल्या भिंतीत बसत नाही, तेव्हा दोघांच्या मधे बसून त्यांचं जुळवून देणारा तो मी. पुढे कुठल्याही चार्जरसाठी छिद्रं, मागे सॉकेटसाठी पितळी पाय, एवढाच माझा देह. पण मित्रांनो, एवढ्याशा देहावर किती आळ यावेत, याला काही सुमार?

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं पांढरं प्लास्टिक साच्यात ओतलं, पोटात धातूच्या पट्ट्या बसवल्या, पाय जोडले. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसत. त्या आम्हां प्रत्येकाला सॉकेटमध्ये खोचून पुढे एक छोटा दिवा जोडून पाहत. दिवा लागला की पास. माझ्या वेळी तो लख्खकन लागला. म्हणजे मी पारखून बाहेर पडलेला आहे, हे ध्यानात ठेवा.

आमची ताई परदेशी शिकायला निघाली, तेव्हा तिने मला विमानतळावरच्या दुकानातून घेतलं. वसतिगृहात ती पोचली आणि "आई, सुखरूप पोचले," हा निरोप घरी गेला, तो माझ्याच जोरावर. त्या मजल्यावर बाकी कोणी ॲडाप्टर आणलाच नव्हता. मुली मला उसना न्यायच्या, रांगा लावायच्या. फार कौतुकाचे दिवस होते ते.

आणि तिथेच पहिला आळ आला. शेजारच्या खोलीतल्या मुलीने घरून आणलेलं केस वाळवायचं यंत्र माझ्यात खोचलं. तिच्या देशात विजेचा दाब निम्मा. क्षणात धूर, जळका वास आणि किंकाळी. "तुझ्या ॲडाप्टरने माझं यंत्र जाळलं!"

मी जाळलं? अहो, मी फक्त पायांचा आकार बदलतो. विजेचा दाब बदलणं हे माझं कामच नाही! प्रत्येक यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. 'शंभर ते दोनशेचाळीस' असं दिसलं, तर दाबाची चिंता नको. एकच आकडा असेल, तर आधी त्या देशातला दाब विचारून घ्या. भिंग लावून वाचा, पण वाचा. त्या मुलीने वाचलं नाही. माझ्या पोटावर करपल्याचा डाग मात्र अजून आहे.

पुढे ताईला तिथेच नोकरी लागली, लग्न झालं, टिल्ली झाली. घरात तिथलेच चार्जर आले आणि माझी रवानगी खणात झाली, गंजलेल्या किल्ल्या आणि संपलेल्या सेलच्या सोबतीला. तक्रार नाही. काम नसताना बाजूला ठेवणं समजू शकतो. मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची.

ताईच्या नवऱ्याची बदली दूरच्या गावी झाली आणि टिल्लीला शाळेतून आणायला घरी कोणी उरलं नाही. म्हणून ताईचे बाबा आले. त्यांना आजवर सामान ठेवायला वापरलेली मागची खोली मिळाली. बसने जायचं, नातीचा हात धरून परत यायचं, वाटेत तिच्या दिवसभराच्या गोष्टी ऐकायच्या. "हे खातं माझं," ते ऐटीत म्हणायचे. त्यांच्या फोनचा चार्जर घरून आणलेला होता, म्हणून मला खणातून काढून पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये बसवलं. मी खूश होतो.

आता नीट ऐका. बाबांच्या घरी प्रत्येक सॉकेटशेजारी त्याचं स्वतःचं बटण असतं. इथे सॉकेटला बटण नव्हतं. पलंगाशेजारच्या सॉकेटचं बटण होतं दारापाशी, आणि खोलीतल्या दिव्याचंही तेच! दिवा घालवला की माझीही वीज बंद. आणि बाबा तर दिव्यांचे वैरी. खोलीतून नुसतं डोकावून जायचं असलं तरी बोट आधी बटणाकडे. जन्मभराची सवय, चांगलीच सवय. रात्री ते फोन माझ्यात लावत, दिवा घालवत आणि निश्चिंत झोपत. मी रात्रभर उपाशी, फोनही उपाशी. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठे आहे?

एके दुपारी व्हायचं ते झालं. त्या देशात वाहनं रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात. बाबा सवयीने अलीकडच्या थांब्यावर उभे राहिले. बसचा आकडा बरोबर, दिशा चूक. शाळा मागे पडत गेली. त्यांनी फोन काढला, तर पडदा काळा. ताईचा नंबर फोनच्या पोटात, पाठ एकही नाही. बस शेवटच्या आगारात पोचली. चालकाने त्यांना परतीच्या फेरीत पुढेच बसवून घेतलं आणि ताईच्या घराचं लाल दार बाबांना दिसेपर्यंत नेऊन सोडलं.

तोवर शाळेतून फोन येऊन ताई कामावरून धावत गेली होती. बाबा आत आले, तर मायलेकी सोफ्यावर बसलेल्या.

"आजोबा, सगळी मुलं गेली," टिल्ली म्हणाली. "मी आणि शिपाईकाकाच उरलो. मी रडले नाही. थोडीच रडले."

"बाबा, अहो फोन तरी उचलायचा!" ताई सोफ्यावरून उठली. "वेड लागायचं बाकी होतं मला."

"बॅटरी संपली गं. रात्रभर लावला होता."

"रात्रभर लावला होता, मग संपली कशी?"

"ते तुझ्या त्या ॲडाप्टरला विचार."

विचार ना! खरंच विचारायला हवं होतं. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहायला असा किती वेळ लागतो? पण नाही. ताईने मला उपटलं, "जुनाट झालाय," म्हणाली आणि तुटक्या वायरींच्या पिशवीत टाकलं. ती पिशवी बाबांच्याच खोलीत, दारामागच्या खुंटीला टांगली होती. भंगारात जाण्याआधी पुढचा सगळा तमाशा मला तिथून पाहावा लागला.

नवा ॲडाप्टर आला. गुळगुळीत, महागडा. पलंगाशेजारीच बसला. सकाळी फोन तसाच उपाशी! मला वाटलं, आता तरी कोणी भिंतीकडे बघेल. छे! मग आळ फोनवर आला. "म्हातारा झालाय तो." आणि तिसऱ्यांदा तेच घडलं, तेव्हा आळ कोणावर आला असेल?

"बाबा, तुम्ही लावायलाच विसरता का हो?" ताईने अगदी हळू विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाबा चार्जरची वायर गुंडाळू लागले. त्यांनाही तसंच वाटू लागलं असावं.

"राहू दे. टिल्लीला आणायला एक बाई बघते मी. तुम्ही आता एकटे बाहेर जाऊ नका. आराम करा."

"आरामच करायचा तर घरी करतो की," बाबा म्हणाले. "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

ताईने तिकीट पाहायला घेतलं आणि बाबांनी पलंगाखालची बॅग ओढली. पिशवीत मी नुसता धुमसत होतो. एका बटणापायी चांगला माणूस घर सोडून निघाला होता!

बाहेरच्या खोलीत दुरुस्तीवाला भिंतीला भोकं पाडत होता, म्हणून ताई लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत आली, दिवा लावला आणि पलंगाशेजारच्या त्याच सॉकेटमध्ये तिने थेट तिथलाच प्लग लावला. मधे ना मी, ना तो नवा. लॅपटॉपची बॅटरी कधीच दमलेली. तो विजेवरच जगायचा. साहेबांशी बोलणं सुरू झालं. बाबा पाय न वाजवता आले, कपाटातला स्वेटर घेतला आणि जाता जाता, "दिवसाढवळ्या कशाला दिवा," असं पुटपुटत बटण दाबलं.

साहेब गायब. पडदा काळा.

"बाबा! काय केलंत?"

"काही नाही गं. दिवा घालवला."

ताई सॉकेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत लावा." लॅपटॉपचा बारका दिवा लागला. "घालवा." विझला. "लावा."

"मी पण! मी पण!" म्हणत टिल्ली धावत आली आणि तिने बटणाची टिकटिक सुरू केली. तिकडे साहेब ताटकळले होते, पण इकडे कोणाला शुद्ध होती? बाबा पलंगाच्या कडेला टेकले.

"म्हणजे मी विसरत नव्हतो," ते म्हणाले.

"नाही बाबा." ताईने त्यांच्या हातातला स्वेटर काढून घेतला आणि पुन्हा कपाटात ठेवला. "मीच नीट बघितलं नाही."

बाबा उठले, खुंटीवरच्या पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. "ह्यालाही उगाच शिक्षा झाली." त्यांनी मला सदऱ्याला पुसलं, खिडकीखालच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये बसवलं आणि टिल्लीसाठी आपल्या घरून आणलेला वाचायचा दिवा माझ्यात खोचला. तो लख्खकन लागला. मित्रांनो, मी दुसऱ्यांदा पास झालो! नव्या ॲडाप्टरची माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. तेही मला पटलेलं नाही.

आता बाबांच्या खिशात ताईचा नंबर आणि घराचा पत्ता लिहिलेला कागद असतो, कारण कागदाची बॅटरी संपत नाही. बसमध्ये पाय ठेवण्याआधी ते चालकाला शाळेचं नाव दाखवतात. तुम्हीही हे करा. चार्जर लावलात की पडद्यावर खूण उमटली का पाहा, खोलीतला दिवा घालवून पुन्हा पाहा. एवढं केल्याशिवाय कोणतीही वस्तू बिघडली असं म्हणू नका. आम्हांला तोंड नाही म्हणून आमच्यावर खापर फोडू नका. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस आपल्यावरचा आळ मुकाट्याने ऐकून घेत असेल, तर निदान त्याच्यासाठी तरी आधी भिंतीकडे बघा.

बाबांची सवय गेलेली नाही. टिल्लीला आणायला निघताना त्यांचं बोट आजही बटणाकडे जातंच. ते थांबतात, खिडकीखाली माझ्याकडे एकदा बघतात आणि बटण दाबतात. दिवा विझतो. मी चालूच असतो.